तक्रार नसलेला ब्रेड

संशोधनाचं केळीसारखंच आहे. गर अहवालात जातो आणि साल आपल्या हातात राहते. नांदेडला आमच्या फूड टेक्नॉलॉजी कॉलेजात फळांच्या सालींचं पीठ करून ते ब्रेडमध्ये घालायचे प्रयोग चालतात. त्याचे तक्ते झाले, आलेख झाले, सगळं छापूनही झालं. तक्त्यात जे बसलं नाही ते माझ्याकडं साठत गेलं. आता चार ओळखीची माणसं भेटली की कुणीतरी म्हणतंच, "सर, तो बसमधला किस्सा सांगा." एक सांगितला की त्याच्या मागं दुसरा येतो, आणि चहा गार होतो. म्हणून एकदाचे लिहूनच टाकतो.

आधी मंडळी सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको. गिरवलकर मॅडम आमच्या विभागप्रमुख, मूळच्या लातूरच्या. त्यांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळं त्यांच्यासोबत कुठं प्रदर्शनाला जाणं जरा अवघडच. उज्ज्वला सोनकांबळे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करते, ती नायगावची. केळीच्या सालीचा ब्रेड हा तिचा विषय. मी त्याच विभागात शिकवतो. गाव किल्लारी, आवाज मोठा, आणि ब्रेड कुठलाही असो, चहात बुडवल्याशिवाय मला खाता येत नाही.

*

साली आणायच्या कुठून, इथून सुरुवात झाली. नायगाव रोडला केळीचे वेफर्स करणारा एकजण आहे. कच्च्या केळीच्या सालींचा त्याच्या दाराशी ढीग पडलेला असतो. उज्ज्वलाला वाटलं, कचराच तर आहे, न्या म्हणेल. तो न्या म्हणालाही. पण दुसऱ्या दिवशी ती पोतं घेऊन गेली तर ढिगापाशी एक गवळीमामा उभे. ती साल त्यांच्या म्हशींची होती, आणि गेली कित्येक वर्षं होती.

उज्ज्वलानं त्यांना संशोधन समजावून सांगितलं. सालीत फायबर असतं, ते वाया जातं, वगैरे. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, म्हस साल खाती आन दूध देती. तुमचं पीठ काय देतं?"

उज्ज्वला म्हणाली, "पीएच.डी."

मामांनी जरा विचार केला. "मंग असं करू. चार दिस म्हशीचे, तीन दिस पीएच.डी.चे."

हा करार आजतागायत चालू आहे. म्हशींची काही तक्रार नाही.

*

साली वाळवायचं काम उज्ज्वलाच्या आईनं घेतलं. शेषाबाई त्यांचं नाव. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला, सोयाबीन काढलं, आणि त्यात गुडघे गेले. आता त्यांच्या बचत गटातल्या बायका घरामागच्या शेडमध्ये बसून साली कापतात, जाळीवर पसरतात, पंखे लावून वाळवतात. सावलीत बसून करायचं काम शेषाबाईंना उभ्या जन्मात पहिल्यांदाच मिळालं होतं. हे लक्षात असू द्या, कारण पुढं सगळं त्यावरच अडलं.

केळीची साल कापली की काळी पडते. म्हणून मॅडमनी सायट्रिक ॲसिडचं पाकीट पाठवलं आणि साली आधी त्याच्या पाण्यात बुडवायला सांगितल्या. उज्ज्वला कॉलेजात होती, म्हणून शेषाबाईंनी शेजारच्या एका पोरीकडून पाकिटावरचं वाचून घेतलं. ॲसिड म्हणजे संडास धुवायचं, एवढं त्यांना पक्कं माहीत. त्यांनी पाकीट लेकरांचा हात पोचू नये म्हणून कपाटावर टाकलं, आणि गटातल्या बायकांनी आपसात ठरवलं की उजळवायचंच आहे तर त्याला विलायती औषध कशाला? साली चिंचेच्या पाण्यात भिजल्या.

साली वाळून कॉलेजात आल्या तेव्हा त्या तपकिरीच्या रंगाच्या होत्या. मॅडमनी एक साल हातावर घेतली, वास घेतला आणि शेषाबाईंना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "मॅडम, पितळंचं भांडं चिंचेनं लख्ख हुतंय वो. मग ह्या केळीलाच काय धाड भरली?"

 पुढच्या वेळी मॅडमनी स्वतः नायगावला जाऊन लिंबूसत्त्वाची पुडी, म्हणजे तेच सायट्रिक ॲसिड, हातात दिली. शेषाबाई म्हणाल्या, हे व्हय, हे तर आम्ही ढोकळ्यात घालतो.

*

वाळलेल्या साली दळायच्या म्हणजे गिरणी आली. गिरणीवाल्यानं साली पाहिल्या आणि हात जोडले. मागून ज्या बाईची ज्वारी येईल तिची भाकरी काळी होईल, आणि ती बाई मला सोडणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं. पण माणूस भला, उज्ज्वलाला रिकाम्या हातानं पाठवणं त्याच्या जिवावर आलं. शेजारीच त्याचं मिरचीचं कांडप होतं. त्यानं साली त्यात काढून दिल्या. मशीन झटकून घेतल्याचं तो अजूनही शपथेवर सांगतो.

त्या पिठाचा ब्रेड चाखायला आमचं पॅनेल बसलं. पॅनेल म्हणजे कॉलेजातली आणि आजूबाजूची माणसं. प्रत्येकापुढं ब्रेडचे तुकडे, एक पाण्याचा ग्लास आणि मार्कांचा कागद. नऊ म्हणजे फार आवडला, एक म्हणजे मुळीच नाही. पॅनेलमधले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे नरवाडे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, घर कॉलेजच्या भिंतीला लागून, आणि बोलावलं की वेळेआधी हजर.

पहिला घास गेला आणि खोलीत शिंका सुरू झाल्या. एक थांबला की दुसरा. गुरुजींचा चष्मा वाफाळला, डोळ्यांतून पाणी. त्यांनी रुमालानं डोळे पुसले, पेन उघडलं आणि नऊ मार्क दिले. रंगाला नऊ, वासाला नऊ, चवीला नऊ.

मीच विचारलं, "गुरुजी, तिखट नाही लागला?"

"लागला की. पण अन्नाला नावं ठेवू नयेत. आमच्या आईनं तसं शिकवलंच न्हाई."

सगळ्यांचे कागद गोळा केले. सगळीकडं नऊ. कॉलेजच्या इतिहासात इतका यशस्वी ब्रेड झाला नव्हता. मंडळी गेल्यावर शिपाई झाडांना पाणी घालायला आला, आणि त्यानं विचारलं की कुंड्यांमध्ये हे ब्रेड कुणी पुरलेत?

मॅडमनी तेव्हापासून नियम केला. पॅनेल बसायच्या आधी खोलीतल्या कुंड्या बाहेर काढायच्या.

*

मिरची गेली, चिंच गेली, ब्रेड खरंच चांगला व्हायला लागला. शंभराला दहा भाग सालीचं पीठ, बाकी गहू. रंग तांबूस, वास भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळचा. पण चांगला आहे हे आम्हाला वाटून उपयोग काय? पॅनेलवर विश्वास राहिला नव्हता. विकून बघायचा, असं ठरलं, आणि आम्ही अफसरभाईंकडं गेलो.

अफसरभाईंची बेकरी जुन्या नांदेडात, वडिलांच्या काळापासूनची. त्यांनी ब्रेडचा तुकडा तोडला, दाबून पाहिला आणि खाल्ला.  मग त्यांनी आम्हाला बसवलं आणि त्यांच्या धंद्याचा कायदा सांगितला.

त्यांच्या टोस्टची रोज तक्रार येते. कडक झाला, नरम पडला, जिरं कमी आहे, खारीला पापुद्रे सुटत नाहीत. तक्रार करणारा दुसऱ्या दिवशी परत उभा असतो. एकदा त्यांनी हौसेनं अक्रोडाचा केक ठेवला. जो तो म्हणाला, क्या बात है. एकाही माणसानं तक्रार केली नाही, आणि शेवटी तो केक घरच्यांनी आठवडाभर खाऊन संपवला.

"ताई," अफसरभाई म्हणाले, "ज्या मालाची तक्रार न्हाई ना, तो माल कोणी खाऊनच न्हाई राहिलं. तुमचा ब्रेड दिवाळीपर्यंत ठेवतो. एक तक्रार येऊ द्या. आली, तर रोज एक भट्टी तुमच्या ब्रेडची. न्हाई आली, तर मग माफ करा."

बाहेर आल्यावर उज्ज्वला म्हणाली, "सर, पीएच.डी. तर होऊन जाईल. पण भट्टी न्हाई मिळाली तर आई परत वेचणीला जाणार."



*

आता तो बसमधला.

लातूरला कृषी प्रदर्शन होतं. तिथंच भट्टी लावून लोकांसमोर ब्रेड भाजायचा, असं मॅडमनी ठरवलं. त्या आणि उज्ज्वला आदल्या दिवशी सामान घेऊन गेल्या आणि पिठाचा डबा विसरल्या. तो घेऊन मी पहाटेच्या एसटीनं निघालो. डब्याचं झाकण सापडलं नाही, म्हणून तोंडाला पांढरं फडकं बांधलं. पीठ सांडू नये म्हणून डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरला. गडबडीत दाढी राहिली होती. अंगात पांढरा सदरा.

लोह्याला एक फेटेवाले काका चढले. माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, डब्याला हात जोडले आणि शेजारी अगदी अंग चोरून बसले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "लई वाईट झालं." बस त्या वेळी खड्ड्यांतून चालली होती. मी म्हणालो, हाव ना, पण करणार काय? त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कंडक्टरनं सुट्ट्या पैशांवरून कुरकुर केली नाही. अहमदपूरच्या स्टँडवर काकांनी चहा आणून दिला आणि मी डबा खाली ठेवायला लागलो तर म्हणाले, खाली नका ठेवू, मी धरतो. मला वाटलं, किती चांगली माणसं आहेत आपल्याकडं!

लातूर जवळ आलं तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही. "पण पाहुणे, गोदागंगा तर मागं नांदेडलाच राहिली. तुम्ही उलटं लातूरला घेऊन कशाला चालले?"

मी म्हणालो, "लातूरला भट्टी आहे. ब्रेडमध्ये घालायचंय."

काका उठले. मागं जागा रिकाम्या होत्या, तरी लातूर येईपर्यंत ते दारात उभे होते.

*

त्याच प्रदर्शनात मॅडमनी मोसंबीच्या सालीचा ब्रेडही ठेवला होता. तो कडू झाला होता. मॅडम प्रत्येकाला आधीच सांगत होत्या की हा कडू आहे, जमलेला नाही, केळीचा खाऊन बघा. त्यामुळं आमच्या स्टॉलवर कुणी फिरकेना.

दुपारी औशाकडचे एक काका आले. त्यांनी नेमका मोसंबीचा तुकडा उचलला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, कडू हाय, म्हंजे शुगरला चालत असंल? मॅडम म्हणाल्या, असं काही नाही. पण मागच्या माणसानं फक्त प्रश्न ऐकला होता. चहा घेऊन मी परत येईपर्यंत स्टॉलसमोर रांग! शुगरचा ब्रेड, शुगरचा ब्रेड. जो तो कडू तोंड करून खातोय आणि घरच्यांसाठी मागतोय.

मॅडमना हे सहन होणं शक्य नव्हतं. त्या तडक मंडपातल्या माइकपाशी गेल्या आणि जाहीर केलं की या ब्रेडनं शुगर कमी होत नाही, औषध बंद करू नका, हा ब्रेड बिघडलेला आहे.

 रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "स्वतःहून न्हाई म्हणून राहिलेत, म्हंजे काहीतरी असणारच." रांग दुप्पट झाली. केळीचा ब्रेड, ज्याच्यासाठी आम्ही गेलो होतो, तसाच परत आला.

*

इकडं अफसरभाईंच्या दुकानात सालीचा ब्रेड रोज मांडला जात होता. एका एकादशीला एक काकू आल्या. केळ उपासाला चालतं, मग केळीच्या सालीचा ब्रेड चालायला हरकत काय, असा त्यांचा रास्त प्रश्न. उज्ज्वला तिथंच होती, आणि मला खात्री आहे, एका विक्रीसाठी ती हो म्हणण्याच्या बेतात होती.

अफसरभाईंनी पुडा मागं घेतला. "काकू, साल चालती, पण ह्याच्यात गहू हाय. तुमचा उपास माझ्या दुकानात नको मोडायला. उद्या सकाळी या, ताजा देतो."

काकू दुसऱ्या दिवशी आल्या, पुडा घेऊन गेल्या. पुढच्या वेळी अफसरभाईंनी त्यांना मुद्दाम विचारलं, ब्रेड कसा होता? काकू म्हणाल्या, छान होता.

उज्ज्वलाचा चेहरा पडला.

*

छान हा शब्द तिला नको झाला होता. सुटी मिळाली की ती अफसरभाईंच्या काउंटरमागं जाऊन उभी राहायची. लोक तिच्याकडं बघून चौकशी करायचे, तुकडा खायचे, छान आहे ताई म्हणायचे आणि टोस्ट घेऊन जायचे. थोडे पुडे रोज खपत होते, पण नेणारा माणूस बोलत नव्हता. तक्रार काढायचा आम्ही आमच्या परीनं प्रयत्न केला. मी एका ओळखीच्याला म्हटलं, खोटी का होईना, एक तक्रार कर. तो गेला, काउंटरवर उज्ज्वलाला पाहिलं, आणि ब्रेड फार उत्तम आहे असं सांगून आला!

दिवाळी तोंडावर आली. शेषाबाईंना वेचणीला येणार का म्हणून शेतमालकाचा निरोप आला होता. गटातल्या दोघी जायलाही लागल्या. मला आठवतंय, प्रयोगशाळेत पीठ चाळता चाळता उज्ज्वलानं विचारलं, "सर, साल कमी करू का? दहाचे पाच. जरा पांढरा दिसला तर लोक नेतील."

मॅडमना ते पटलं नाही, पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. मीही म्हणालो, करून बघ. एवढ्या दिवसांत मला तिचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. पीएच.डी.च्या पोरीला स्वतःचाच विषय अर्धा करावा लागला.

पाचाचा ब्रेड दोन-तीन दिवस गेला असेल. रविवार होता. मी बेकरीत बाकड्यावर बसून चहात टोस्ट बुडवत होतो. उज्ज्वला काउंटरमागं. अफसरभाईंनी तिला आदल्या दिवशीच हळू आवाजात सांगितलं होतं की पुढच्या आठवड्यात फराळाचा माल मांडायचाय, सालीच्या ब्रेडची फळी लागेल.

तेवढ्यात नरवाडे गुरुजी आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत अर्धा खाल्लेला ब्रेडचा पुडा. इतक्या दिवसांत मी त्यांना या दुकानात कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आले आता शुभेच्छा द्यायला.

त्यांनी पुडा काउंटरवर आपटला नाही, पण ठेवलाही नाही. दोन्हींच्या मधलं काहीतरी केलं.

"अफसरमियाँ, हे काय चालवलंय? रंग बघा ह्याचा. भिंतीला लावायचा चुना. वास न्हाई, चव न्हाई. आमची सून शाळेतून येताना रोज घेऊन येती, पोळी सोडून सकाळी हाच खातोय आम्ही. आन तुम्ही साल मारून राहिलात? वर कापतायही जाड, तव्यावर भाजला तर मधी कच्चा. पहिला कसा होता!"

ते बराच वेळ बोलत होते. अफसरभाई हात बांधून, मान खाली घालून ऐकत होते. एरवी टोस्टच्या तक्रारीला ते दोन वाक्यांत उत्तर देतात. त्या दिवशी त्यांनी गुरुजींना एकदाही थांबवलं नाही. उलट मधेच एक श्वास घ्यायला गुरुजी थांबले तेव्हा अफसरभाईंनी विचारलं, "आणखी काही, गुरुजी?"

"हाय ना. कडा करपल्यात."

मग गुरुजींचं लक्ष उज्ज्वलाकडं गेलं. तिचे डोळे भरले होते. गुरुजी वरमले. पोरीचाच ब्रेड, पोरीसमोरच. ते पिशवी आवरायला लागले.

उज्ज्वला म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तर कॉलेजात नऊ मार्क दिले होते. मिरची होती तरी."

"तिथं पाहुणा म्हणून आलो होतो, पोरी," गुरुजी म्हणाले. "हा घरात येतो."

अफसरभाईंनी त्यांच्या हातातून तो अर्धा पुडा घेतला. मग फळीवरचे पाचाचे सगळे पुडे खाली उतरवले आणि आत भट्टीकडं तोंड करून हाक दिली की उद्यापासून रोज एक घाणा सालीचा, जुन्या मापानं. गुरुजींना त्यांनी चहा मागवला. गुरुजी तो घेता घेताही कडांबद्दल बोलतच होते.

उज्ज्वला फोन घेऊन बाहेर पायरीवर गेली. मला तिची पाठ दिसत होती आणि आवाज ऐकू येत होता. शेषाबाई तिकडून काय म्हणाल्या ते कळलं नाही.

"आई, उद्या रानात जाऊ नको," ती म्हणाली. "तक्रार आली. हाव. लई मोठी आली."